न खरवडलेलं झाड

पन्नाशी उलटलेल्या माणसाने कॉलेजात जाऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर नर्सरीवाल्याची अब्रू वाचली असती.

रोपं विकणं हा त्याचा धंदा. म्हणजे तो त्याला धंदा म्हणायचा. बायको दवाखाना म्हणायची. रस्त्याच्या बाजूला विकायची रोपं होती, आणि मागच्या भिंतीपाशी, चांगल्या निम्म्या जागेत, दुखणाईत. गिऱ्हाईक रोप घेऊन जायचं, घरी त्याचे हाल करायचं आणि सुकलेली काडी घेऊन परत यायचं. तेव्हा नर्सरीवाला काय बोलणार? "मेलं तर बदलून देऊ" ही पाटी त्यानेच स्वतःच्या हाताने रंगवली होती. तो नवं रोप द्यायचा, सुकलेलं मागे नेऊन ठेवायचा आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला पाणी घालायला लागायचा. मागचा कोपरा भरत चालला होता आणि तिथून बरं होऊन पुढे आलेलं रोप आठवायचं तर त्याला बराच वेळ डोकं खाजवावं लागे.

बायकोशी त्याची ओळख याच पाटीमुळे झाली होती. ती लिंबाचं रोप सुकवून घेऊन आली. त्याने बदलून दिलं. तिने तेही सुकवलं. तिसरंही सुकवून आणलं तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की दोष लिंबाचा नाही आणि पाण्याचाही नाही. लग्नानंतर तिच्या हातून एकही रोप दगावलं नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचा. ती गल्ल्यावर बसून न हसता ऐकायची. त्या तिनातलं एक लिंबू जगलं होतं. पुढे कित्येक वर्षं ते मागच्या कोपऱ्यात मोठ्या कुंडीत उभं होतं, हिरवंगार, फक्त फळाचं नाव न घेणारं. अलीकडे त्याने पानंही टाकली होती. पण झाडं टाकतात पानं, असं नर्सरीवाल्याचं म्हणणं होतं.

एकदा पुढच्या रांगेतली विकायची रोपं तहानेने माना टाकून बसलेली बायकोने पाहिली आणि तिचा तोल गेला.

"धडधाकटांना पाणी नाही आणि मेलेल्यांना दोनदा," ती म्हणाली. "एकदा शिकून तरी या. संध्याकाळचं कॉलेज आहे, पहिल्या वर्षाला आपल्यासारख्यांना दोन विषय घेता येतात. मी चौकशी केली आहे."

"मला काय शिकवणार ते?"

"तेच बघायचंय. दोन्ही विषयांत पास झालात तर या कोपऱ्याबद्दल मी जन्मात अवाक्षर काढणार नाही. एकात जरी गचकलात तर कोपरा माझा. तिथे मी कुंड्यांचे रॅक लावणार."

"आणि ही झाडं कुठे जाणार?"

"कचऱ्याच्या गाडीत. ज्याला माहीत करून घ्यायचं नसतं त्याला कॉलेज तरी काय शिकवणार म्हणा, पण बघू."

एक विषय तिने निवडला, व्यवसायाची मूलतत्त्वं. दुसरा त्याने निवडला, जीवशास्त्राची ओळख. धंद्याच्या विषयाची त्याला धास्ती होती, पण जीवशास्त्र म्हणजे हातचा मळ. उभं आयुष्य झाडांत गेलेलं. तिथल्या बाईंनाच चार गोष्टी शिकवून येऊ, असा त्याचा होरा होता.

पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, "झाडाचं अन्न कोणतं?"

वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. सगळी गप्प. नर्सरीवाल्याने हात वर केला, नुसता वर केला नाही, उभाच राहिला, आणि दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो त्या भारदस्त आवाजात म्हणाला, "खत."

बाई त्याच्यापेक्षा वयाने लहान होत्या आणि स्वभावाने सभ्य. "बसा," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी फळ्यावर पान काढलं, सूर्य काढला, आणि झाड स्वतःचं अन्न स्वतःच उजेडात तयार करतं, खत हे फार तर तोंडी लावणं, असं समजावलं. नर्सरीवाल्याने आजवर पिशव्यांवर पिशव्या खत "झाडाचं जेवण" म्हणून खपवलं होतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय शिकवलं?" तो म्हणाला, "ओळख करून दिली." खोटं नव्हतं. त्याची स्वतःशीच ओळख झाली होती.

धंद्याच्या तासाला तर आनंदीआनंद होता. सर कडक इस्त्रीचे, एकेक शब्द मोजूनमापून टाकणारे. "तुमचा ग्राहक कोण?" असं त्यांनी प्रत्येकाला विचारलं. पोरांनी कुणी तरुण वर्ग, कुणी नोकरदार वर्ग अशी उत्तरं दिली. नर्सरीवाला म्हणाला, "जे रडत येतात ते." सरांना वाटलं त्याचं औषधांचं दुकान आहे. "आणि तुमचा स्पर्धक?" यावर त्याच्या तोंडून "बायको" निघून गेलं, आणि तेव्हापासून तो वर्गाचा लाडका काका झाला. हसण्यावारी नेण्याजोगा माणूस प्रत्येक वर्गाला लागतोच. ती जागा भरल्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. जे चालत नाही ते ओळखा, त्यातलं लक्ष काढा, जे चालतं त्याच्याकडे लावा. नर्सरीवाला मान डोलवायचा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते बघायचं असेल तर त्याची ती डोलणारी मान बघावी.

मग बाईंनी प्रयोग दिला. दोघादोघांची जोडी, घेवड्याच्या रोपांच्या आठ कुंड्या. चार खिडकीत, चार प्रयोगशाळेच्या लाकडी कपाटात, अंधारात. माती तीच, पाणी तेवढंच. फरक फक्त उजेडाचा. काही आठवडे ठेवायचं, पाहायचं, मग सगळ्या वर्गासमोर सांगायचं. या प्रयोगाला एवढे मार्क होते की तो बुडाला तर विषय बुडाला.

नर्सरीवाल्याच्या जोडीला एक मुलगी आली. तिला पुढे डॉक्टर व्हायचं होतं आणि तसं ती कुणालाही, न विचारता, सांगायची. "काका, तुम्ही झाडांतले, म्हणजे आपला प्रयोग सगळ्यांत भारी," ती म्हणाली. पाणी घालायचं काम तिने विश्वासाने त्याच्यावर सोपवलं आणि कपाटाची किल्लीही त्यालाच दिली. आंधळ्याच्या हाती दिवा दिला असता तर एक वेळ चाललं असतं.

कारण पहिल्या आठवड्यातच त्याने कपाट उघडलं आणि दार धरून तसाच बघत राहिला. अंधारातली रोपं फिकट, सुतळीसारखी लांबलचक झाली होती आणि एकमेकांच्या अंगावर रेलली होती. हे असंच होतं हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने कडी लावणं वेगळं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. जरा वेळ, असं म्हणत त्याने चारही कुंड्या खिडकीत ठेवल्या.

पुढे त्याचा नेमच झाला. दुपारी दुकान बायकोवर टाकून तो कॉलेजात यायचा, चारही रोपांना उन्हात बसवायचा, काठ्या लावायचा, दोरीने हलकेच बांधायचा, आणि वर्ग भरायच्या आधी पुन्हा कपाटात. बायकोला वाटायचं नवरा अभ्यासाला लागला. तिने एकदा त्याला डबाही दिला. तो त्याने खाल्ला, आणि खाताना लाजही वाटली, पण भूक लाजेपेक्षा मोठी निघाली.

खिडकीतल्या चार कुंड्यांचं काय? त्या धडधाकट होत्या, त्यांना काही दुखत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. पाण्याची आठवण कधी राहायची, कधी नाही.

सांगायचा दिवस आला. मुलगी कपड्यांना इस्त्री करून आली होती. तिने टेबलावर आठ कुंड्या मांडल्या आणि आवाज चढवून सांगितलं, "आमच्या प्रयोगात अंधारातली रोपं उजेडातल्या रोपांपेक्षा हिरवी आणि सशक्त निघाली. त्यामुळे रोपाला उजेड लागतोच, या समजुतीचा फेरविचार करायला हवा असं आम्हाला वाटतं."

आम्हाला. त्या एका शब्दाने नर्सरीवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली.

बाई कुंड्यांभोवती दोन वेळा फिरल्या. "कपाटाला कुठेतरी भोक असणार," त्या म्हणाल्या.

"नाही बाई, मी तपासलंय," मुलगी म्हणाली.

"पुन्हा तपासू. आत उजेड येतो का ते आत बसल्याशिवाय कळणार नाही."

मुलगी खरोखरच कपाटात शिरली. गुडघे पोटाशी घेऊन बसली. बाईंनी दार लावलं, कडी घातली.

"दिसतंय काही?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. पूर्ण अंधार आहे," आतून आवाज आला, आणि त्या आवाजात आनंद होता. आपण काहीतरी शोधून काढलंय अशी तिची खात्री पटत चालली होती.

नर्सरीवाला गप्प बसला असता तर निभावलं असतं. बाईंना कोडं पडलं असतं, चार मार्क कमी-जास्त झाले असते, कोपरा वाचला असता. पण एक पोर त्याच्यापायी कपाटात बसली होती, आणि वर तिला आनंद होत होता. ते त्याला सोसवेना.

"बाई, भोक कपाटाला नाही," तो उभा राहून म्हणाला. "भोक मला आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. काठ्या, दोरी, खिडकी, दुपारचं ऊन. कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याचं पाहून सगळेच हसले. बाईंनी डोळे मिटून कपाळ चोळलं. हसणं ओसरल्यावर कपाटातून अगदी बारीक आवाज आला, "म्हणजे मी बाहेर येऊ का?"

ती बाहेर आली ती थेट त्याच्यासमोर. "काका, तुमची दया माझ्या मार्कांवर कशाला?" ती म्हणाली. "मी कधी तुमच्या दुकानात येऊन काही बिघडवलंय?"

लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि घरचे उपाशी ठेवायचे, ही त्याची जुनी खोड. यावेळी उपाशी राहिलं ते दुसऱ्याचं लेकरू.

बाई फार कडक असत्या तर बरं झालं असतं, त्याला नापास होऊन घरी जाता आलं असतं. पण त्यांनी परीक्षेच्या आधी पुन्हा प्रयोग करायची मुभा दिली. तेच कपाट, नवं बी. नर्सरीवाला लगबगीने मुलीला म्हणाला, "किल्ली तूच ठेव. पाणीही तूच घाल."

"नाही," ती म्हणाली. "मी केलं तर तुम्ही केलंच नाही असं होईल. तुम्हीच घालायचं. घालायचं आणि दार लावायचं. जमेल?"

एकोणीस वर्षांच्या पोरीने पन्नाशीतल्या माणसाला "जमेल?" विचारावं आणि त्याला "हो" म्हणताना घसा साफ करावा लागावा, यात सगळं आलं.

आता गणित सोपं होतं आणि म्हणूनच अवघड होतं. मागच्या कोपऱ्यातली सगळी झाडं वाचवायची तर कपाटातली चार मारायची. ठरलेल्या दिवशी तो जायचा, कडी काढायचा, मापाने पाणी घालायचा. रोपं फिकट होत गेली, लांबली, वाकली. तो त्यांना हळूच म्हणायचा, "माफ करा, परीक्षा आहे." एकदा काठी लावायला हात पुढे गेलाच, तो त्याने दुसऱ्या हाताने धरून मागे आणला, आणि आपण रिकाम्या खोलीत स्वतःचाच हात धरून उभे आहोत हे लक्षात येऊन त्याला हसू आलं. दार लावून तो मग खिडकीतल्या चार कुंड्यांना पाणी घालायचा. त्यांच्याकडे बघायला त्याला आता वेळ होता. त्यांना कळ्या आलेल्या त्यानेच आधी पाहिल्या. धडधाकट झाडही बघण्यासारखं असतं, हे त्याला या वयात कळत होतं.

शेवटच्या आठवड्यात कपाटातली चारही रोपं आडवी झाली. पहिलं गेलं तेव्हा त्याला वाईट वाटलं, दुसरं गेलं तेव्हाही वाटलं. चौथं गेलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली आणि कुंडी बाहेर काढली. त्या नुसत्या मान हलवण्याचीच त्याला घरी जाताना भीती वाटली.

दोन्ही विषयांत तो पास झाला. जीवशास्त्रात बरे मार्क पडले, मुलीला तर उत्तमच. जाताना त्याने पुढे केलेली कपाटाची किल्ली तिने तिजोरीची असल्यासारखी गंभीरपणे त्याच्याच हातात परत ठेवली, म्हणाली, "बाईंना तुम्हीच द्या. शोभेल तुम्हाला." धंद्यात तो काठावर सुटला. सरांनी पेपरावर लिहिलं होतं, "विषय समजला आहे. आचरणात शंका." माणूस इस्त्रीचा असला तरी नजर पारखी होती.

निकाल घेऊन तो दुकानात आला तेव्हा बायको पुढच्या रांगेला पाणी घालत होती. तिने निकाल वाचला, पुन्हा वाचला, आणि परत दिला.

"जिंकलात," ती म्हणाली. "कोपरा तुमचा. आता मी काही बोलणार नाही."

तिला खरंच वाईट वाटलं होतं, रॅकची मापंसुद्धा घेऊन झाली होती बिचारीची. नर्सरीवाला जिंकल्यासारखा काही दिसेना. तो मागच्या कोपऱ्यात गेला आणि तिथे नुसता उभा राहिला.

रोप जिवंत आहे की नाही हे ओळखायची या धंद्यात साधी रीत आहे. खोडाची साल नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर संपलं. नर्सरीवाला ही रीत प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवायचा, बोट धरून, नखासकट. फक्त मागच्या कोपऱ्यात त्याचं नख कधी गेलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. न खरवडलेलं झाड मेलेलं नसतं, एवढ्या भांडवलावर त्याने आजवर दवाखाना चालवला होता.

त्याने पहिली कुंडी ओढली आणि नख लावलं. तपकिरी. दुसरी. तपकिरी. तिसरी काडी नखाखाली कडकन मोडलीच.

"अहो, काय करताय?" बायको मागे येऊन उभी राहिली होती. "जिंकलात ना?"

"हे मेलंय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे वाक्य त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिने पाण्याची झारी खाली ठेवली.

"हेही. हे तर कधीचंच. मी याला काल पाणी घातलं," तो म्हणाला. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. दवाखाना दवाखाना म्हणून ओरडत होते. पण मला वाटायचं, मेलेली आहेत हे तुम्हालाही माहीत असणार. माहीत असून घालताय पाणी. त्याला काय बोलायचं?"

तो हसला. तिला वाटलं होतं नवरा हळवा आहे. निघाला नुसता आंधळा. हे त्याने तिला सांगून टाकलं, आणि सांगताना डोळ्यांत पाणी आलं तेही लपवलं नाही. पदर खोचून ती त्याच्या शेजारी खाली बसली आणि दुसऱ्या टोकाने खरवडायला लागली.

दोघं संध्याकाळपर्यंत बसून होते. मेलेली एका बाजूला, जिवंत दुसऱ्या बाजूला. मेलेल्यांचा ढीग भिंतीएवढा झाला. पण अधूनमधून हिरवं निघायचं, आणि निघालं की ज्याच्या नखाखाली निघालं तो दुसऱ्याला दाखवायचा. एकदा तर बायकोने त्याला हाताला धरून उठवून नेलं, एवढंसं हिरवं बघायला. नर्सरीवाल्याला वाटून गेलं की आपण हे आधी केलं असतं तर यातली आणखी कितीतरी वाचली असती; बऱ्या होण्याजोग्यांच्या वाटणीचं लक्ष आपण काड्यांना घातलं. धंद्याचे सर हेच तर घसा सुकेपर्यंत सांगत होते.

शेवटी भिंतीच्या कोपऱ्यातली मोठी कुंडी उरली. लिंबू. एक पान नाही, फांद्या राखाडी पडलेल्या. आता त्याचा हात सराईत झाला होता. त्याने खोड डाव्या हाताने धरलं आणि नख टेकवलं.

बायकोने त्याचं मनगट पकडलं.

"हे राहू दे," ती म्हणाली.

"जिवंत असेल असं वाटतं तुला?"

"नाही."

"मग?"

"मला माहीत करून घ्यायचं नाही," ती म्हणाली, आणि त्याचं मनगट तिने सोडलं नाही.

नर्सरीवाल्याने नख काढून घेतलं. ती उठली, पुढे जाऊन झारी घेऊन आली आणि लिंबाला पाणी घातलं, घालायचं तेवढंच, मापाने. मग दोघांनी रिकाम्या झालेल्या जागेत रॅक कुठून कुठे लावायचे ते पाहिलं. कोपऱ्यातली कुंडी वगळून मापं पुन्हा घ्यावी लागली.